श्रावण पाळणारा माणूस

दिव्यांच्या अवसेला मी घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं काढते आणि चिंच लावून घासते. पूर्वी हे काम मला आवडायचं. आता पाठ धरते, आणि घासता घासता नको ते आठवत बसतं. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागतो. आमच्या भवानी पेठेतल्या घरात श्रावण म्हणजे काय, हे मी कुणाला कधी नीट सांगितलं नाही. लोकांनी विचारलं नाही असं नाही, मीच झाकत आले. झाकली मूठ सव्वा लाखाची, ह्या एका म्हणीवर मी चोवीस वर्षं संसार ओढला. मूठ उघडली तेव्हा आत काय निघालं, ते सांगायला हे लिहिते आहे.

माझे यजमान यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. चादरीचा माग असो नाहीतर टॉवेलचा, नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगायचे. तुटलेला धागा तर बोलता बोलता, न बघता जोडून मोकळे व्हायचे. लग्न ठरवताना मध्यस्थानं माझ्या वडिलांना हेच सांगितलं होतं, "पोराच्या हातात कला हाय." ते खोटं नव्हतं. बाकीचं त्यानं सांगितलं नाही, आणि आमच्याकडच्यांनीही विचारलं नाही.

संध्याकाळी साडेसहाला हे घरी यायचे. हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे, आणि सात वाजता गळ्यातलं लिंग काढायचे. आम्ही लिंगायत. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग दोऱ्यात घालून छातीशी बाळगायचं आणि ते अंगावरून उतरवायचं नाही, असं आम्हाला लहानपणापासून सांगतात. ह्यांनी त्यातून स्वतःपुरता नियम काढला होता. लिंग अंगावर असताना थेंब घ्यायचा नाही. म्हणून सात वाजता दोरा डोक्यावरून काढून माझ्यापुढं धरायचे. मी ओंजळ पुढं करायची, आणि लिंग देवघरातल्या खुंटीला नेऊन अडकवायचं. दोघांनीही काही बोलायचं नाही. मग हे चपला घालून बाहेर पडायचे. सकाळी आंघोळ झाली की लिंग पुन्हा गळ्यात.

लग्नानंतर सुरुवातीला मला ह्याचं कौतुक वाटायचं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं. गल्लीतल्या इतरांचे नवरे पिऊन आले की ताटं भिरकावायचे, बायकांना मारायचे. हे देवाला बाजूला ठेवून प्यायचे आणि आल्यावर गप पडून राहायचे. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, म्हणायच्या, "पितो, पण धर्म सोडला न्हाय की माझ्या पोरानं." मलाही ते पटायचं. आडात पडलेल्या माणसानं दोर धरून ठेवलाय, तेव्हा तो वर येईलच, असं काहीतरी मी मनात धरून होते. ह्यांचं रोजचं पिणं आपल्या ओंजळीतून सुरू होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आणि वर्षातून एक महिना ह्यांचा श्रावण.

त्याच्या आदल्या दिवशी, अवसेला, गटारी. मी घरात दिवे मांडायची, कणकेचे गोड दिवे उकडायची, आणि हे धाकट्या भावाला घेऊन सकाळीच बाहेर पडायचे. त्या दिवशी लिंग सकाळपासून खुंटीला. कुणाच्या तरी शेतात कोंबडं शिजायचं, आणि पुढं महिनाभर मिळणार नाही म्हणून महिनाभराची एका दिवसात घ्यायची. ह्या दिवसाची सगळीकडे चेष्टाच चालते. लोक एकमेकांना हसत हसत शुभेच्छा देतात. एका वर्षी दिरांनी ह्यांना हातगाडीवर आडवं घालून आणलं होतं. तोंड उघडं, श्वास घरघरत होता, अंगावर ओकारी. गल्ली हसली, आणि मीही तोंडाला पदर लावून हसले. नवरा घशात ओकारी अडकून गाडीवरच मेला असता, हे मला फार उशिरा एका नर्सनं समजावलं. तेव्हा फक्त चादर खराब झाल्याचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र थंड पाण्यानं आंघोळ, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि पुढचे तीस दिवस थेंब नाही. जेवण एक वेळ. सोमवारी अनवाणी सिद्धेश्वराच्या देवळात. ह्यांचा श्रावण पेठेत नावाजलेला होता. बायका आपापल्या नवऱ्यांना ह्यांचं उदाहरण द्यायच्या. सगळा घोळ इथंच होता. महिनाभर सोडता येते, म्हणजे ती सवय आहे, व्यसन नाही, अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत. मी कधी डॉक्टरचा विषय काढला तर हे शांतपणे म्हणायचे, "मी काय बेवडा हाय का? श्रावण पाळतो मी." देवाचं नाव पुढं आलं की आमच्यात बायको गप बसते.

पहिली काही वर्षं श्रावणाचे सुरुवातीचे दिवस नुसती चिडचिड असायची. मग हात थरथरायला लागले. बशीत कप वाजायचा. मी म्हणायची, उपास आहे, अशक्तपणा आला असेल, आणि गरम दूध द्यायची. पुढं घाम सुटायला लागला, झोप जायला लागली. प्रत्येक श्रावण आदल्यापेक्षा जड. आत्या म्हणायच्या, "वर्षाचं पाप भाईर पडतंय अंगातनं." आम्ही दोघी सासू-सुना ते पाप बाहेर पडायची वाट बघत बसायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी हात ठरायचे, आणि आम्हाला वाटायचं, पडलं एकदाचं. इकडे उरलेल्या अकरा महिन्यांत पिणं वाढतच होतं. सुट्टीच्या दिवशी तर लिंग दुपारीच खुंटीला जायला लागलं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात, दुसऱ्या दिवशी दुपारी, हे माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसले. शर्ट घामानं भिजलेला. हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, म्हणजे मला दिसू नयेत.

"दोन घोट दे की," ते म्हणाले. "औषध म्हणून. लई कसंतरी हुतंय."

इतक्या वर्षांत श्रावणात त्यांनी असं कधी मागितलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "आज दुसरा दिवस हाय. तुमीच धरलाय न्हवं श्रावण? पेठेत तोंड कसं दाखवायचं मी?"

त्यांनी मान हलवली. "व्हय. बरोबर हाय तुजं."

पूर्ण शुद्धीत, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, ते माझ्याशी बोलले ते हे शेवटचं. त्या दिवशी मला बरोबर ठरल्याचा आनंद झाला होता. त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी चुकले, पण मनाला लागून राहिलंय ते हे बरोबर ठरणं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे चादरीवर उकिडवे बसलेले, आणि दोन्ही हात हवेत. चिमटीत काहीतरी धरायचे, दुसऱ्या हातानं पीळ द्यायचे, सोडायचे, पुढचं धरायचे. मला कळायला वेळ लागला. ते धागे जोडत होते. समोर भिंत होती, माग नव्हता. "माग बंद कर," मला ओरडले, "सगळं धागं तुटालेत, दिसत न्हाय का तुला?" मध्येच अंगावरच्या मुंग्या झटकायचे. मुंग्या नव्हत्या. आपल्या मेलेल्या वडिलांशी कानडीत बोलायचे. आत्यांनी हात जोडले. "अंगात आलंय त्याच्या. पाया पडा," म्हणाल्या, आणि भस्म आणायला देवघरात गेल्या. त्या परत येईपर्यंत ह्यांना फिट आली. दातखीळ बसली, सगळं अंग ताठ झालं. दिरांनी रिक्षा आणली.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. दोन रात्री झोपला नसावा, असे डोळे. त्यानं पहिल्या पाच प्रश्नांत विचारलं, "दारू घेतात का?"

दीर बाजूलाच उभे होते. रोज ह्यांच्याबरोबर प्यायला बसणारा माणूस. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"न्हाय हो," मी म्हणाले. "श्रावण चालू हाय. लिंगधारी माणूस हाय."

"म्हणजे कधीच नाही?"

मागं रांगेत आमच्या गल्लीतली एक बाई सासऱ्याला घेऊन उभी होती. तिचा कान माझ्याकडं होता, हे मला पाठीला कळत होतं. "कधीच न्हाय," मी म्हणाले. मी डॉक्टरशी बोलतच नव्हते, त्या बाईशी बोलत होते. डॉक्टरनं कागदावर लिहून घेतलं, आणि पुढं सगळं त्या कागदाप्रमाणं चाललं.

मेंदूज्वर असेल म्हणून तपासण्या झाल्या. डोक्याचा फोटो काढला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. एकातही काही सापडेना. तो पोरगा पुन्हा पुन्हा येऊन बघायचा, पुस्तकं बघायचा, वरच्या डॉक्टरांना फोन करायचा. मी स्टुलावर बसून त्याची धडपड बघत होते. हे पलंगाला हात बांधलेले, तापानं फणफणलेले, बोटांनी चादरीवर धागे जोडताहेत. दोनदा मी बोलायला उठले. एकदा वॉर्डात आमचे पाहुणे आले, एकदा मीच परत बसले. मला खरंच वाटत होतं की दारूचा ह्याच्याशी संबंध नसणार. दारू पिऊन माणसाला काही होतं, हे मला माहीत होतं. हे तर तीन दिवस प्यायलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक वयस्कर नर्स सलाईन बदलायला आली. सुई नीट बसवायला तिनं ह्यांचा एक हात सोडला. तो हात वर गेला. चाचपडत गळ्याशी गेला, दोरा पकडला, डोक्यावरून काढला, आणि लिंग माझ्यापुढं धरलं. डोळे मिटलेलेच होते. आणि मी, काही विचार न करता, दोन्ही हात जोडून ओंजळ पुढं केली.

नर्सनं आधी माझ्या ओंजळीकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. सात वाजले होते.

"रोज ह्याच टायमाला काढतात का?" तिनं विचारलं.

मी ओंजळ मिटून घेतली.

"माझे वडील पण काढायचे," ती हळूच म्हणाली. "आमच्यात आई घ्यायची हातात." तिनं सुई बसवली, पट्टी लावली. "डॉक्टर नवीन हाय बाई. तुमी सांगितलं तेच लिहिलंय त्यानं. आता मी जाऊन सांगू, का तुमी सांगता?"

सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात. मी उठले, आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, रोज किती, किती वर्षं, गटारीला किती. एकदा तोंड उघडल्यावर मला आवाज खाली आणताच येईना. डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "इतकी वर्षं रोज दारू मिळणाऱ्या शरीराची दारू एका दिवसात तोडली की असं होतं, मावशी. माणूस जातो ह्यात. सोडायची असते, पण दवाखान्यात, औषधं देऊन." मग धावपळ झाली. इंजेक्शनं बदलली. जीवनसत्त्वाची एक सुई सुरू केली. ती आल्या आल्या मिळाली असती तर मेंदू कदाचित वाचला असता, असं तो नंतर मला म्हणाला. कदाचित, हा शब्द त्यानं दोनदा वापरला. चांगला होता पोरगा.

हे वाचले. आठवण गेली. जुनं सगळं आहे, मी कोण ते माहीत आहे, मागाच्या आवाजावरून काय बिघडलंय ते अजून सांगतात. नवीन काही टिकत नाही. जेवून उठतात आणि विचारतात, जेवायला काय केलंस. आत्या घरात असतात, त्यांना रोज विचारतात, कधी आलीस. कामावर जाणं संपलं. दिवसभर ओट्यावर बसतात, येणारा-जाणारा रामराम घालतो. चार वर्षांत थेंब नाही. लोक मला म्हणतात, "बघा, कसा देवमाणूस झाला. श्रावण फळला." तेव्हा हातातलं तांब्याचं ताम्हण फेकून मारावंसं वाटतं. मी मारत नाही, हसते. दमलेल्या माणसाला हसणं सोपं पडतं.

संध्याकाळचे सात मात्र त्यांना अजून कळतात. कसे कळतात देव जाणे, घड्याळ बघत नाहीत. दोरा काढतात, लिंग माझ्यापुढं धरतात, आणि मग त्या हाताकडं बघत राहतात. "हे कशाला काढलं गं मी?" रोज विचारतात. मी रोज म्हणते, "काय न्हाय, असंच," आणि परत गळ्यात घालते.

यंदाच्या अवसेला दुपारी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावरून खाली आली. चेहरा उजळलेला. "अक्का, यंदा ह्यांनी बी श्रावण धरलाय," म्हणाली. "उद्यापास्नं थेंब न्हाय. दादांसारखं." आत्यांनी बसल्या जागी हात जोडले. म्हाताऱ्या बाईला एका तरी पोराचं बरं बघायचं आहे, तिला मी काय बोलणार?

मी जावेला विचारलं, "रोज किती घेतात?"

"कुटं वो अक्का. घेत न्हाईत ते. कधीतरी शनवारी." बोलताना तिनं माझ्या खांद्यावरून मागं, आत्यांकडं बघितलं. कोणासाठी बोलते आहे ते मला कळलं. मी ह्याच घरात तिला हे बोलायला शिकवलं होतं.

संध्याकाळी आम्ही सगळे खालीच होतो. दिवे पाटावर मांडले होते. दीर जिन्याच्या पायरीवर बसलेले, चहाचा कप खाली ठेवलेला. उचलून घेत नव्हते. गटारीला जायची वाट बघत बसले होते, ते उघड होतं. सात वाजले आणि ह्यांनी दोरा डोक्यावरून काढून लिंग पुढं धरलं. मी तेल ओतत होते, हात तेलाचे होते. मी नुसती बघत राहिले. हात तसाच पुढं राहिला म्हणून दीर उठले आणि त्यांनी आपले हात पुढं केले. डबी त्यांच्या ओंजळीत ठरेना. बोटं इतकी थरथरत होती की दोरा दोनदा खाली सुटला.

"भावजी," मी म्हणाले, "उद्या श्रावण धरू नका."

आत्या ओरडल्या. "काय बोलालीस तू? अवसेच्या दिवशी?"

"उद्या सकाळी तुमी आणि मी दवाखान्यात जायचं. किती घेता ते मी सांगणार, मोठ्यानं. आज गटारीला जायचं न्हाय. पण एकदम तोडायची बी न्हाय. रोजच्यापेक्षा थेंब जास्त न्हाय, आणि उद्या डॉक्टर म्हणतील तसं. महिना देवाला द्यायचा असंल तर नंतर द्या. ह्यांनी दिला तसा देऊ नका."

जाऊ रडायला लागली. आत्या काहीतरी पुटपुटत होत्या, बहुतेक माझ्यासाठी देवाची माफी मागत होत्या. दिरांच्या हातात लिंग तसंच होतं. हे आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होते. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "हे कशाला काढलं गं मी?"

चार वर्षांत पहिल्यांदाच मला 'असंच' म्हणवेना.

"तुमाला दारू प्यायला जायचं असायचं," मी म्हणाले. "म्हणून तुमी हे काढायचा."

"मी प्यायचो?"

"व्हय. रोज."

ते विचारात पडले. मिनिटभरात विसरणार होते, मला माहीत होतं. त्यांच्यासाठी मी बोललेच नव्हते. दिरांनी लिंग भावाच्या गळ्यात घातलं. दोरा मानेवर नीट बसवायला त्यांना बराच वेळ लागला, पण हात त्यांनी लपवले नाहीत.

"किती वाजता निघायचं, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"आठला," मी म्हणाले. समई लावायची राहिली होती, ती लावायला उठले.